काओरची 'काळी' वाइन: हा रंग मातीचा, वाणाचा की माणसाच्या हाताचा?

दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी ११ एकर द्राक्षबाग आहे. त्यांपैकी ८ एकरांत थॉमसन हे खाण्याचे द्राक्ष आहे आणि उताराच्या मुरमाड जमिनीवर ३ एकर शिराझ आहे, जो वाइनसाठी जातो. गेल्या महिन्यात माझा पुतण्या फ्रान्सहून सुटीला आला, तेव्हा त्याने मुद्दाम दोन बाटल्या आणल्या: एक अर्जेंटिनातील मेंडोझाची आणि दुसरी नैर्ऋत्य फ्रान्समधील काओरची. दोन्ही माल्बेक या एकाच वाणाच्या असल्यामुळे त्या शेजारी शेजारी ठेवून चाखाव्यात, अशी त्याची इच्छा होती.

मेंडोझाची वाइन पिकलेल्या आलुबुखारासारखी भरदार आणि मऊ होती. घोट सहज घशाखाली उतरत होता. काओरची वाइन मात्र रंगाने तिच्याहून गडद नसतानाही पहिल्याच घोटाला अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ ओढून घेऊ लागली, आणि तिच्यातील आंबटपणाही स्पष्ट जाणवला. घरातील बहुतेकांनी पेला बाजूला ठेवला. उरलेली अर्धी बाटली बूच लावून ओट्यावर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी रात्री मी ती पुन्हा चाखली, तेव्हा तुरटपणा पुष्कळ बसला होता आणि आदल्या दिवशी न जाणवलेला फुलांचा मंद वास येत होता. तेव्हापासून ही वाइन माझ्या डोक्यातून जात नाही.

पुतण्या सांगतो की काओरच्या वाइनला शतकानुशतके 'काळी वाइन' म्हटले जाते. हा काळेपणा तिथल्या मातीतून येतो, वाणाचा आहे, की वाइन करणाऱ्यांच्या पद्धतीचा? विचारण्यामागे माझा स्वार्थही आहे. गेल्या हंगामात एका वाइनरीने रंग कमी भरला म्हणून माझ्या शिराझचा भाव पाडला. मुरमाच्या उतारावर माल्बेकच्या काही ओळी लावाव्यात असे मनात आहे, पण एकच वाण दोन देशांत इतका वेगळा वागत असेल, तर आपल्याकडे तो काय करील याचा अंदाज आधी बांधलेला बरा. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गोदाकाठ

दादा, आपल्या प्रश्नातील 'काळी' या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण त्या शब्दात माती कमी आणि व्यापार अधिक आहे, असे माझे मत आहे.

काओर हे गाव लॉत नदीच्या एका मोठ्या वळणात वसलेले आहे. नदीने त्याला तीन बाजूंनी कवेत घेतले आहे आणि पश्चिमेच्या अंगाला चौदाव्या शतकातील, तीन उंच बुरुजांचा वालांत्रे पूल आजही उभा आहे. गावाच्या खाली नदी नागमोडी वळणे घेत पश्चिमेकडे जाते, आणि द्राक्षबागा या वळणांच्या कुशीत व वरच्या पठारावर पसरलेल्या आहेत. लॉत पुढे गारोन नदीला मिळते, गारोन बोर्दोला जाते आणि बोर्दोच्या बंदरातून जहाजे इंग्लंडला जात. काओरच्या वाइनला मोठे केले ते या पाण्याच्या वाटेने, आणि तिची कोंडी झाली तीही याच वाटेवर.

अक्विटेनची एलिनॉर हिचा विवाह ११५२ मध्ये हेन्री प्लांटाजेनेटशी झाला, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि नैर्ऋत्य फ्रान्सच्या वाइनला लंडनची बाजारपेठ खुली झाली. काओरची वाइन त्या बाजारात चांगलीच नावाजली गेली असावी, कारण १२२५ मध्ये तिसऱ्या हेन्रीने बोर्दोच्या अधिकाऱ्यांना काओरच्या व्यापाऱ्यांची वाइन अडवू नये असे फर्मावले होते. जे अडवलेच जात नाही, त्याच्यासाठी राजाला फर्मान काढावे लागत नाही. पुढे बोर्दोने आपले विशेषाधिकार पक्के करून घेतले. नदीच्या वरच्या अंगाच्या प्रदेशांतील वाइन ठरावीक तारखेच्या आत, बराच काळ तर नाताळाच्या आत, शहरात विकायला आणता येत नसे. तोवर बोर्दोची स्वतःची नवी वाइन जहाजांवर चढून गेलेली असे. एखाद्या बाजार समितीत बाहेरच्या तालुक्यांच्या गाड्या फाटकाशी उभ्या करून गावच्या मालाचा लिलाव आधी उरकून घ्यावा आणि ही रीत पिढ्यानपिढ्या चालावी, तसे हे होते. तुर्गो या फ्रेंच अर्थमंत्र्याच्या काळात, १७७६ मध्ये, हे अधिकार रद्द झाले.

आता काळेपणाकडे येतो. ज्या मालाला सपाट बुडाच्या होड्यांतून नदी उतरायची, बंदरात थांबायचे आणि मग समुद्र ओलांडायचा, तो टिकाऊ असावा लागतो. त्यातून काओरमध्ये रसाचा काही भाग कढवून घेण्याची पद्धत रुजली. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटवताना त्याचा रंग कसा उतरत्या उन्हासारखा गडद होत जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्णनांत काही द्राक्षे भट्टीत तापवण्याचा उल्लेखही आढळतो. अशा वाइनमध्ये मद्यार्क घालून ती आणखी भक्कम केली जाई, आणि बोर्दोतील व्यापारी आपल्या फिकट, हलक्या वाइनला रंग व अंग यावे म्हणून ती तिच्यात मिसळत. म्हणजे ज्या काळ्या वाइनची कीर्ती आपण ऐकतो, ती बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या वाइनला आधार देण्यासाठी मुद्दाम तशी केलेली होती. रशियात चर्चच्या विधींसाठी वापरल्या जाणाऱ्या गोड, गडद वाइनला 'कागोर' म्हणतात, तेही काओरचेच नाव आहे; पण आज ती वाइन काओरहून जात नाही आणि चवीनेही काओरसारखी नसते.

अधिकार रद्द झाल्यावर चांगले दिवस आले, पण शंभर वर्षेच टिकले. १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड तिथे पोहोचली आणि बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. अमेरिकी खुंटावर, म्हणजे कीड सोसणाऱ्या मुळाकडच्या रोपावर, कलम करून पुन्हा लागवड झाली खरी, परंतु कलम केलेल्या स्थानिक वाणाला फुलोऱ्यात फार गळ होऊ लागली, म्हणून पुष्कळांनी संकरित वाण लावले आणि काओरचे नाव साध्या, रोजच्या वाइनच्या पातळीवर आले. १९४७ मध्ये पार्नाक येथे शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी सुरू झाली, १९५१ मध्ये शासकीय दर्जाची पहिली पायरी मिळाली, आणि तेवढ्यात १९५६ च्या फेब्रुवारीत असा गारठा पडला की जवळजवळ सगळ्या बागा मेल्या. त्या हिवाळ्यानंतर बोर्दोतही माल्बेक मोठ्या प्रमाणात मागे पडला आणि त्याच्या जागी मर्लो हा वाण आला. काओरच्या शेतकऱ्यांनी मात्र पुन्हा माल्बेकच लावला. मला या सगळ्या इतिहासातला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गळ होणारा आणि थंडीला हळवा वाण दुसऱ्यांदा निवडताना त्यांच्यासमोर सोपा पर्याय उपलब्ध होता. १९७१ मध्ये काओरला संरक्षित नावाचा पूर्ण दर्जा मिळाला. नियम असा की या नावाने केवळ लाल वाइन विकता येते. तिच्यात किमान ७० टक्के माल्बेक हवा आणि उरलेला वाटा मर्लो व तन्ना या वाणांचाच असू शकतो.

तेव्हा आपण चाखलेली बाटली बहुधा १९५६ नंतर लावलेल्या वेलींची, रस न कढवता केलेली वाइन होती. ती त्या जुन्या काळ्या वाइनची वारस आहे; तिची प्रत मात्र नव्हे.

मुरूम आणि चुनखडी

गोदाकाठ यांनी इतिहास उत्तम मांडला आहे, पण मातीला त्यांनी जरा लवकर बाजूला सारले असे वाटते. मी मृदाशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि आता निफाड तालुक्यात घरची बाग पाहतो, त्यामुळे मातीची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

रंगाचे मूळ आधी स्पष्ट करू. माल्बेकचा गर रंगहीन असतो. रंग सालीत असतो, आणि तुरटपणा देणारे टॅनिन साल व बिया दोन्हींत. या वाणाची साल रंगद्रव्याने समृद्ध आहे, हा गुण त्याच्या रक्तातलाच. जनुकीय तपासणीतून त्याचे आईबाप ठरले आहेत: एक माग्दलेन न्वार दे शारांत आणि दुसरा प्रुनलार. यांपैकी पहिली मर्लोचीही आई आहे, म्हणून मर्लो आणि माल्बेक ही सावत्र भावंडे होत. काओरमध्ये त्याला 'को' किंवा 'ओसेरवा' म्हणतात. माल्बेक हे नाव तिथे आता अर्जेंटिनाच्या प्रसिद्धीमुळे लेबलावर अधिक दिसू लागले आहे.

परंतु सालीत रंग असणे वेगळे आणि तो रंग आंबटपणासह टिकवून धरणे वेगळे. इथे जमीन बोलू लागते. काओरमध्ये मुख्यतः दोन प्रकारच्या जमिनी आहेत. पहिली नदीकाठच्या पायऱ्यांची. लॉत नदीने लाखो वर्षांत वरच्या डोंगरांतून गोटे, वाळू आणि चिकणमाती वाहून आणून तीन पातळ्यांवर पसरली. सर्वांत खालची पायरी सुपीक आहे. तिथली वाइन लवकर पिण्याजोगी, फळाच्या चवीची होते. जसजसे वर जावे तसतशी माती जुनी, गोट्यांची आणि निचऱ्याची होत जाते, आणि तिसऱ्या पायरीची वाइन भरदार आणि गोलाईची म्हणून नावाजली जाते. दुसरी जमीन वरच्या पठाराची, ज्याला तिथे 'कॉस' म्हणतात. हा सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक आहे. त्याच्यावर मातीचा थर वीतभर असतो, काही ठिकाणी लोहयुक्त तांबडी माती दिसते, आणि मुळांना खडकाच्या भेगांतून खाली उतरावे लागते. पठार थंड असल्याने द्राक्ष उशिरा पक्व होते आणि आम्लता टिकून राहते. तिथली वाइन तरुणपणी आवळलेली, ताठ असते; तिला वर्षे द्यावी लागतात. आपल्या वर्णनावरून आपली बाटली पठारावरची असावी असा माझा कयास आहे, परंतु तो लेबल पाहूनच पक्का करता येईल.

मेंडोझाचे चित्र याच्या उलट आहे. मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने १८५३ मध्ये तिथे फ्रेंच वाणांची रोपे नेली आणि माल्बेकला जणू मनासारखे सासर मिळाले. हवा कोरडी, ऊन कडक, पाणी अँडीज पर्वताच्या वितळलेल्या बर्फाचे आणि बागा समुद्रसपाटीपासून ८०० ते १५०० मीटर उंचीवर. रोग कमी, पक्वता पूर्ण. उंचीमुळे रात्री थंड असतात म्हणून रंगही भरपूर येतो, पण टॅनिन मऊ होऊन येते. काओरला अटलांटिकचा ओलावा आणि भूमध्य समुद्राकडची ऊब दोन्ही मिळतात, पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काढणीच्या वेळी आकाशाकडे पाहत बसावे लागते. खाण तशी माती, असे आपण म्हणतो. इथे मातीला आभाळाचीही जोड द्यावी लागेल.

दिंडोरीचा बागायतदार

दोघांचेही मनापासून आभार. लेबल पाहिले, त्यावर 'कॉस' हा शब्द खरोखरच आहे. आता आपल्याकडचे विचारतो. फुलोऱ्यातील गळ हे ऐकून काळजी वाटते, कारण नोव्हेंबरात ढगाळ हवा आली की थॉमसनमध्येही गळ आणि कूज आम्हाला चुकत नाही. शिवाय माझ्या मुरमाखाली पांढरट चुनखडीचा पट्टा आहे. काओरची चुनखडी उपयोगी पडते, मग माझी का पडू नये?

मुरूम आणि चुनखडी

दादा, या ठिकाणी सावध राहावे. काओरचा चुना हा मूळ खडकच आहे, भेगा असलेला आणि पाणी खाली जाऊ देणारा. आपली जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या बेसॉल्टपासून झालेली आहे, आणि तिच्यातली चुनखडी ही मातीत मागाहून साचलेली, खड्यांच्या किंवा भुकटीच्या रूपातली असते. अशा चुन्याने जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फ्रान्समध्येही हा त्रास आहेच, म्हणून चुनखडीच्या जमिनीत तिथे ४१ बी किंवा फर्कालसारखे चुना सोसणारे खुंट वापरतात. काओरची बाग चुन्यामुळे चांगली झाली असे म्हणण्यापेक्षा चुना सोसून चांगली झाली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. लागवडीपूर्वी मुक्त चुन्याचे माती परीक्षण अवश्य करून घ्यावे.

खुंटाचा संबंध गळीशीही आहे. ज्या वेलीला पानाफांद्यांच्या वाढीचा जोर फार, तिचे अन्न फुलोऱ्याच्या काळात शेंड्याकडे धावते आणि मणी सुटतात. आपल्याकडे टेबल द्राक्षासाठी सरसकट वापरला जाणारा डॉगरिज खुंट पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो, पण त्याचा जोर मोठा आहे. माल्बेकसाठी मी तो टाळीन आणि वाइन द्राक्षांसाठी वापरात असलेला ११० आर पाहीन. फ्रान्समध्ये गेल्या काही दशकांत माल्बेकचेच कमी गळ होणारे वेल निवडून त्यांची रोपे वाढवली गेली आणि काओरची घडी बसण्यास त्यांची मदत झाली. तेव्हा रोप कोणत्या निवडीचे आहे हे रोपवाटिकेला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हवामानाचा फरक तर याहून मोठा आहे. काओर ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथला दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, आणि हिवाळ्यात वेल पूर्ण झोपी जाते. आपण २० अंशांवर आहोत. आपली वेल झोपत नाही, म्हणूनच काडी तयार होण्यासाठी एप्रिलची खरड छाटणी आणि फळासाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि घड वाढतात ते ११ तासांच्या छोट्या दिवसांत. आपल्या घडांची पक्वता थंडीकडून उन्हाळ्याकडे जाते, तर काओरची उन्हाळ्याकडून शरदाकडे. म्हणजे काओरच्या घडाचे शेवटचे आठवडे दिवसेंदिवस थंड होत जातात आणि आपल्या घडाचे तापत जातात. पस्तिशीच्या घरात पारा गेला की सालीतला रंग नीट भरत नाही आणि आम्लही झपाट्याने कमी होते. आपल्या शिराझच्या रंगाचा प्रश्न मला इथे सापडतो. गेल्या हंगामात आपली छाटणी कधी झाली होती?

एक बारीक साम्यही सांगून ठेवतो. एप्रिल २०२१ मध्ये कोवळी फूट आल्यावर फ्रान्सभर दहिवर पडले आणि काओरच्या बागाही त्यात सापडल्या. तिकडे अशा रात्री ओळींमध्ये मेणाच्या मोठ्या बत्त्या पेटवतात. आमच्या निफाडात पारा खाली उतरला की पहाटे बांधावर शेकोट्या पेटतात आणि मणी तडकू नयेत म्हणून ठिबक सुरू करतात. ती छायाचित्रे पाहिली तेव्हा मला क्षणभर आपलीच बाग दिसली.

पंचवटीची वाचक

काका, मी बागायतदार नाही, पण गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वाइनरीत पाहुण्यांना वाइन चाखवण्याचे काम मी सहा वर्षे केले आहे. आपल्या पहिल्या संध्याकाळी काय घडले असावे याविषयी थोडे लिहिते. आपण बाटली फ्रिजमधून काढून लगेच उघडली होती का? गारठ्यात टॅनिनचा तुरटपणा जिभेला अधिक बोचतो आणि वास दबून जातो. मेंडोझाच्या वाइनमध्ये टॅनिन मऊ असल्याने तिला ते सोसले असेल. काओरला सोसले नसेल. दुसऱ्या दिवशीची बाटली ओट्यावरची, म्हणजे कोमट, आणि वर एक दिवस हवा लागलेली. नाशिकच्या उन्हाळ्यात घराचे तापमान तिशीच्या पुढे असते, तेही चालत नाही, कारण मग मद्यार्कच नाकात जातो. १६ ते १८ अंश हे या वाइनला योग्य तापमान. रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून तासभर मोकळी सोडावी, मग फ्रिजमध्ये ठेवून या तापमानाला आणावी. तरुण काओरमध्ये जांभळी फुले, काळे आलुबुखार आणि रानबेरी यांचे वास येतात; दहा वर्षांनी त्यांच्या जागी ज्येष्ठमध, तंबाखूचे पान आणि पावसानंतरची ओली माती येते. काओरजवळच्या लालबेंक या गावी हिवाळ्यात दर मंगळवारी ट्रफल या जमिनीखालच्या कवकाचा बाजार भरतो, आणि जुन्या काओरमध्ये त्याचाही वास येतो असे तिथले लोक सांगतात.

जेवणाचेही महत्त्व आहे. तिकडे ही वाइन बदकाच्या चरबीत शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात, कारण मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला धरून ठेवतात व तोंड सैल होते. आपल्याकडे काळ्या मसाल्याचे मटण हा जवळचा जोडीदार, मात्र तिखट हात राखून. मिरचीची आग आणि टॅनिन एकमेकांना चिथावतात. झणझणीत शेवभाजीबरोबर ही वाइन दिली, तर दोघींचेही नुकसान होते. आमच्याकडे येणाऱ्यांना मी भाजलेल्या खोबऱ्याचा, कमी मिरचीचा सुका मटण मसाला सुचवीत असे.

दिंडोरीचा बागायतदार

ताई, आपला अंदाज अगदी बरोबर आहे. दोन्ही बाटल्या आम्ही दिवसभर फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या आणि काढताक्षणी उघडल्या. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही काओरला न्याय दिलाच नाही. पुतण्या दिवाळीला पुन्हा येणार आहे. पठारावरची आणि तिसऱ्या पायरीवरची अशा दोन बाटल्या त्याला मागितल्या आहेत.

छाटणीबद्दल विचारले होते. शिराझची गोडी छाटणी मी थॉमसन उरकल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस केली होती. मजूर एकच टोळी, त्यामुळे वाइनच्या द्राक्षाचा नंबर नेहमी शेवटी लागतो. घडांना रंग भरायला लागला तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आणि माल गेला मार्चच्या शेवटी, तापल्या उन्हात. यंदा शिराझ आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घेणार आहे. परतीच्या पावसात डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढेल हे माहीत आहे, पण तीन एकरांपुरता तो पत्करतो. माती परीक्षणासाठी उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतून नमुने काढून ठेवले आहेत. चुना आवाक्यात निघाला, तर वरच्या अंगाला माल्बेकच्या चार ओळी ११० आर खुंटावर लावीन.

त्याआधी एक विनंती. नाशिक, दिंडोरी, निफाड या भागांत कोणाकडे माल्बेकच्या दोन-चार ओळी जरी असतील, तर कृपया इथे कळवावे. नोव्हेंबरच्या मध्याला, वेल फुलोऱ्यात असताना, मला ती पाहायला यायचे आहे. गळ किती होते हे घडापाशी उभे राहून मोजेन, आणि पुढची लागवड त्या आकड्यावर ठरवीन.